सगुणाची पट्टी

साखर कारखान्यात हंगामाची पहिली मोळी पडली की आमच्या गावाचा वास बदलतो. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झालेले असतात, पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते, पाटाच्या कडेने उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघतात, आणि वारा कारखान्याकडून असला की मळीचा गोडसर, थोडा आंबूस वास थेट स्वयंपाकघरात येतो. श्रीरामपूरहून येणारे पाहुणे नाकाला रुमाल लावतात. मला वासाचं काही वाटत नाही. पण त्याच्याबरोबर छातीत डाव्या बाजूला काहीतरी बारीक टोचायला लागतं. कापणीचा सण जवळ आला, हे कॅलेंडरच्या आधी मला ते टोचणं सांगतं.

त्या टोचण्याला मत्सर म्हणतात. आमच्या घरात हा शब्द रोज ऐकू यायचा. संध्याकाळच्या प्रार्थनेत आप्पा, म्हणजे माझे वडील, ज्या ज्या पापांची क्षमा मागायचे त्यांत राग, मत्सर आणि लोभ ही तीन नावं एका दमात यायची. लहानपणी मला वाटायचं, हे गावातलेच कोणी तीन भाऊ असतील. त्यातला मधला पुढे माझ्याकडे कायमचा राहायला येईल, हे तेव्हा कुठलं कळायला.

कापणीचा सण म्हणजे आमच्या चर्चचा उपकारस्तुतीचा दिवस. नाताळला गावाबाहेरची माणसं जास्त, पण या दिवशी सगळी आपलीच. नव्या बाजरीची कणसं वेदीपाशी उभी करतात. दोन्ही बाजूंच्या खांबांना ऊस बांधतात. कोणी भोपळा आणतं, कोणी मेथीच्या जुड्या, कोणी पदराखाली अंडी, कोणी पाय बांधलेली कोंबडी. उपासना चालू असताना त्या कोंबड्या मधूनच बोलतात आणि पाळकसाहेब न हसता वाचत राहतात. नंतर आवारात या सगळ्याचा लिलाव होतो आणि पेरूच्या एका टोपलीवरून दोन शेजारी हट्टाला पेटतात. पण या सगळ्याआधी, अर्पणं पुढे नेताना, एक गाणं होतं. ते गाणं आप्पांचं.

आप्पा प्राथमिक शाळेत मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी चर्चमधलं गाणं सांभाळलं. पावसाने दगा दिलेल्या एका वर्षी घरोघर धान्याच्या कणग्या रिकाम्या होत्या, अर्पणाला आणायला कोणाकडे काहीच नव्हतं, तेव्हा त्यांनी हे गाणं रचलं. ‘भरल्या कणगीचा देव तू, रित्या कणगीचाही तूच’ असं त्याचं धृपद. कडवी आप्पा एकटे म्हणायचे, धृपदाला सगळं चर्च उभं राहायचं. आणि पेटीवर मी. चौदाव्या वर्षापासून मी.

आप्पांसारखी स्तुती करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. जेवणाआधी ते डोळे मिटायचे आणि देवाचे उपकार मानायला सुरुवात करायचे ते पाऊस, विहीर, बैल, शाळा, आईचे हात असं करत इतके लांब जायचे की कालवण निवायचं. गारपिटीने आमचा दीड एकर गहू झोपवला त्या संध्याकाळीही त्यांनी स्तुती केली. छत शाबूत राहिलं, म्हणून. आई पलीकडे बसून डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत होती. मला आठवतं, मीही उघडेच ठेवले होते.

एवढी स्तुती करणाऱ्या त्या तोंडाने माझी एकदाही केली नाही.

अकरा वर्षांची असताना मी नगरला आंतरशालेय गायनस्पर्धेत पहिली आले. एस.टी.ने परत येताना मांडीवर पितळी कप धरून बसले होते आणि प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्याला तो दिसेल असा फिरवत होते. शेजारी आप्पा. पार राहुरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिसऱ्या ओळीला श्वास चोरलास.” बस्स. घरी आल्यावर प्रार्थनेत मात्र त्यांचा आवाज भरून आला. “देवा, तू या लेकराला आवाज दिलास, तुझी थोरवी मोठी.” मी भिंतीला टेकून ऐकत होते. दोन महिने पहाटे उठून पाटावर जाऊन रियाज मी केला होता. घसा माझा सुजला होता. कप मात्र देव घेऊन गेला. त्या रात्री झोपताना मला जे वाटलं त्याला नाव द्यायला मला बरीच वर्षं लागली. मला देवाचा मत्सर वाटला होता.

हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या बाईने तर नाहीच. मी मोठी झाले, शिक्षिका झाले, गावातच विलासशी लग्न केलं, आप्पांच्या घरापासून दोन आळ्या सोडून संसार मांडला. दर रविवारी पेटीचा भाता ओढताना मी गाणाऱ्यांच्या खांद्यावरून पहिल्या सतरंजीवर बसलेल्या आप्पांकडे बघायची. त्यांच्या भुवया उचलल्या जातात का. मान हलते का. आज वर्गात मी पोरांना उठता-बसता शाबासकी देते. आमचे हेडमास्तर म्हणतात, “बाई, तुम्ही शाबासकी फार स्वस्त केलीत.” करू देत. महाग शाबासकी काय असते ते मला माहीत आहे.

आणि मग सगुणा आली.

आमच्या गावच्या पौलसची, दुधाचा टेम्पो चालवणाऱ्याची, ती बायको. माहेर पाथर्डीच्या पुढे एका वस्तीवर. आईबाप दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, त्यामुळे शाळेचं तोंड तिने धड पाहिलं नव्हतं. गाणं शिकली ती मोळ्या बांधताना. पहिल्या रविवारी ती बायकांच्या मागच्या सतरंजीवर बसली, कोणाच्या तरी हातातल्या गीतांच्या पुस्तकाकडे एकदा बघून मान फिरवली, आणि पाठ असेल तेवढं गायली. आवाज जाड, खालचा, शेतात हाक मारावी तसा. शब्द निम्मे चुकीचे. पण पेटीवरून मान वर करण्याआधीच मला कळलं की चर्चमध्ये काहीतरी हललंय. समोर आप्पांच्या भुवया वर गेल्या होत्या. मी बावीस वर्षं ज्यांची वाट पाहत होते त्या भुवया.

दर गुरुवारी आमची बायकांची प्रार्थना असते. आळीपाळीने एकेकीच्या घरी. आम्ही सगळ्या नेटकं बोलायचो. ‘हे दयाळू पित्या’ने सुरुवात, ‘आमेन’ने शेवट, मध्ये काही अडायचं नाही. सगुणाची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “देवा, लेकरावानी जपलेलं पारडू नेलंस माजं. मला तुजा लई राग आलाय. दोन दिस मी तुज्याशी बोलले न्हाई, तुला ठावं हाय. पर म्हस दूध देतीया अजून. त्येचं उपकार मानते. राग गेला न्हाई. पर उपकार मानते.” दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. मलाही हसू आलं.

संध्याकाळी आप्पांकडे चहाला गेले तेव्हा मी तिची नक्कल केली. चांगली केली. हातवारे, डोळे, सगळं. आप्पा हसतील अशी खात्री होती. त्यांनी कप खाली ठेवला.

“पुन्हा सांग बरं. काय म्हणाली?”

मी पुन्हा सांगितलं. या वेळी नक्कल जमली नाही.

आप्पा दाराबाहेर बघू लागले. “चाळीस वर्षं गातोय मी,” ते म्हणाले, “मला असं बोलायला एकदाही जमलं नाही, विजू.”

तिच्या आवाजाचा मत्सर वाटला असता तर मी समजू शकले असते. आवाजाला उतारा असतो. आपण अजून रियाज करतो, अजून वरचा सूर धरतो. पण ही बाई देवाशी अशी बोलायची जशी पाण्याच्या टाकीपाशी शेजारणीशी बोलावं, आणि मला बावीस वर्षं पेटी वाजवून देव एकदाही समोर बसलेला दिसला नव्हता. समोर नेहमी आप्पाच असायचे. तिच्याकडे जे होतं ते रियाजाने येणारं नव्हतं. म्हणून टोचलं.

त्याच पावसाळ्यात आप्पांच्या घशाने दगा दिला. आधी घोगरेपणा, मग ओळीच्या मध्येच आवाज नाहीसा व्हायचा. नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बोला, पण गायचं नाही. आप्पांनी शांतपणे ऐकलं आणि परत येताना गाडीत देवाचे उपकार मानले, बोलणं शिल्लक ठेवलं म्हणून. मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि, सांगायला लाज वाटते, माझ्या मनात दुःखाच्या आधी दुसरंच आलं. या वर्षी कापणीच्या सणाला कडवी कोण म्हणणार? दुसरं होतंच कोण? सगळं गाव तसंच धरून चाललं होतं. विलासने मला नवी साडीसुद्धा आणली.

मोळी पडली, मळीचा वास सुटला, आणि दिवेलागणीला चर्चमध्ये तालमी सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी आप्पा सतरंजीवर बसल्या बसल्या, आता कुजबुजीइतक्याच उरलेल्या आवाजात म्हणाले, “धृपद सगळ्यांनी. कडवी सगुणा म्हणेल. पेटी विजू.”

ढोलकीवाला दगडू थबकला. “पण आप्पा, विजूताई असताना...”

“पेटी लागेलच ना,” आप्पा म्हणाले.

मी भाता उघडला. चेहरा कसा ठेवला होता मला माहीत नाही. सगुणा सगळ्यांत मागे बसली होती, ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “मास्तर, मला वाचाया येत न्हाई. बाईंनाच म्हनू द्या.” तिने ते मनापासून म्हटलं होतं. मला त्याचाही राग आला.

घरी विलास म्हणाला, “तुला गायचं होतं तर आप्पांना तसं सांगायचंस.”

“सांगून मिळालेलं नको होतं मला.”

“मग काय हवं होतं?”

साडी कपाटात गेली.

तिला शब्द पाठ करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. शनिवारी दुपारी शाळा सुटली की ती माझ्या ओसरीवर यायची, वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा दाराशी टेकवून ठेवायची, हात धुऊन बसायची. मी ओळ वाचायची, ती मागे म्हणायची.

“भरल्या कनगीचा...”

“कणगी. ण. जीभ वर लाव.”

“कणगी,” ती म्हणायची आणि स्वतःच हसायची. “लई आवघड हाय हो तुमची कणगी. आमची सोपी हुती.”

मी हसायची नाही. ती मात्र एका बैठकीत दोन कडवी डोक्यात घालून उठायची. एकदा जाता जाता म्हणाली, “बाई, तुमी पेटी धरली का मला भ्या वाटत न्हाई. पाठीमागं कोनतरी हाय असं वाटतं.”

“हं,” मी म्हणाले.

एवढंच. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हा ‘हं’ मी ओळखते. राहुरीपर्यंतच्या एस.टी.त मी तो ऐकला आहे. आप्पांचा हात आखडलेला म्हणून मी जन्मभर कुढले, आणि माझा हात त्यांच्याहून आखूड निघाला. पण ओळखून काय होतं? मत्सराला स्वतःचं तोंड आरशात दाखवलं तरी तो खोली सोडून जात नाही. त्या महिन्यात आप्पा सगुणाला सात वेळा ‘वा’ म्हणाले. मी मोजले.

पेटी न वाजवणाऱ्यांसाठी सांगते. गाणाऱ्याचा ‘सा’ पेटीवर ज्या ठिकाणी धरतात ती त्याची पट्टी. सगुणाचा गळा खालचा. पांढरी चार धरली की ती मोकळी गायची, कुठेच ओढाताण नाही. महिनाभर आम्ही पांढरी चारच धरली. त्याहून वर, पांढरी सहाला गेलं, तर खालच्या ओळींना काही कळत नाही. पण वर चढायची वेळ येते तेव्हा गळा पोचत नाही. आप्पांच्या गाण्याचं तिसरं कडवं वर चढतं.

सणाच्या सकाळी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाजरीच्या कणसांचा कोरडा वास, उसाचा ओला वास, नव्या कपड्यांचा, खोबरेल तेलाचा. अर्पणाची रांग दारापर्यंत. पाळकसाहेबांनी मान हलवली. सगुणा माइकपाशी येऊन उभी राहिली, जांभळं लुगडं, डोक्यावर पदर, हात एकमेकांत घट्ट धरलेले. तिने माझ्याकडे बघितलं, सूर दे म्हणून.

माझं बोट पांढरी सहावर गेलं.

चुकून नाही. नंतर मी स्वतःला बरंच काही सांगून पाहिलं, घाई होती, गर्दी होती, मोहात पडले. तसं काही नव्हतं. हात माझा होता आणि कुठली पट्टी धरतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात तिच्या मानेच्या शिरा दिसू लागल्या. तिसऱ्याला ती चढू लागली आणि मध्येच आवाज फाटला. कापड फाटावं तसा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. तिने थांबून पुन्हा धरला. पुन्हा फाटला. वेदीपाशी एक कोंबडी बोलली, मागून कोणीतरी पोर खुदकन हसलं. मी भाता ओढत राहिले, सूर तसाच, वर. क्षणभर, अगदी क्षणभर, मला गोड वाटलं.

मग सगुणा माइकमध्ये बोलली, “आवाज पोचत न्हाई माजा. बोलून सांगते.”

आणि तिने तिसरं कडवं बोलून दाखवलं. रिकाम्या कणगीचं, न उगवलेल्या पेरणीचं ते कडवं, शेजारणीला घरातली गोष्ट सांगावी तसं. कुठे उंच नाही, कुठे खाली नाही. ‘कणगी’ म्हणताना तिने जीभ नीट वर लावली. बोलणं संपलं तेव्हा मागच्या सतरंजीवरच्या बायकांनी धृपद उचललं. कोणी सूर दिला नव्हता, त्यांनी आपल्या गळ्याला झेपेल तो घेतला. मग पुरुषांनी उचललं. दगडूची ढोलकी त्यांच्यामागे गेली. आप्पा उठले, काठीवर भार देऊन उभे राहिले आणि डॉक्टरांनी मना केलेल्या घशाने गाऊ लागले. ते गाणं नव्हतं, नुसती घरघर होती, पण तोंड उघडं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी त्यांचा सूर शोधू लागले. पांढरी चार लावून पाहिली, जुळेना. तिच्या शेजारची काळी लावून पाहिली, जुळेना. सगळं चर्च त्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत कुठेतरी गात होतं, आणि पेटीला तिथे सूरच नसतो. मी हात काढून घेतले. गावातलं झाडून सगळं माणूस देवाची स्तुती करत होतं आणि त्यांच्या ऐन मध्यावर बसून मी एकटी बाहेर होते. एका बाईचा मत्सर करायला गेले होते. आता तिथल्या प्रत्येकाचा वाटत होता, हसलेल्या त्या पोराचासुद्धा. तेही आता गात होतं.

आवारात लिलाव सुरू झाला तेव्हा आप्पा म्हणाले, “विजू, मला घरी सोड.” आम्ही पाटाच्या रस्त्याने चालू लागलो. उसाची एक ट्रॉली गेली, धुरळा बसेपर्यंत आम्ही कडेला उभे राहिलो.

“पांढरी सहा होती,” आप्पा म्हणाले.

“हो.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते चालत राहिले तेव्हा माझंच धरण फुटलं. “तुम्ही जगातल्या सगळ्याची स्तुती केलीत, आप्पा. गारांची केलीत. डॉक्टरांची केलीत. महिन्यात सात वेळा तिला वा म्हणालात. मला एकदा तरी म्हणायचं होतंत. छत्तीस वर्षांत एकदा.”

रस्त्यात उभी राहून मी लहान मुलीसारखी रडत होते. समोरून सायकलवर येणारा ओळखीचा माणूस मान खाली घालून निघून गेला. आप्पा काठीच्या टोकाने मातीत रेघ ओढत राहिले.

“तू गायचीस तेव्हा तुझे डोळे माझ्याकडे असायचे,” ते शेवटी म्हणाले. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं. “अगदी लहान होतीस तेव्हापासून. मला भीती वाटायची. मी वा म्हटलं तर ही पोर जन्मभर माझ्याकडेच बघून गाईल. देवाकडे बघायचीच नाही. म्हणून म्हटलं नाही.”

“तरी तुमच्याकडेच बघत होते.”

“हो.” त्यांनी रेघ पायाने पुसली. “म्हणजे चुकलंच माझं.”

आप्पांच्या तोंडून हे वाक्य देवासमोर मी हजारदा ऐकलं होतं. माणसासमोर पहिल्यांदाच. मला वाटलं होतं, असं काही ऐकलं की मन हलकं होईल. तसं झालं नाही. फक्त रडणं थांबलं. घराच्या दारात पोचल्यावर ते म्हणाले, “तिच्याकडे मात्र तू जाशील. ते मी सांगायला नको.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेले. सगुणा गोठ्यात वाढं तोडत होती. मी उंबऱ्याशी उभी राहून जे सांगायचं ते सांगितलं. पट्टी कोणती धरली, का धरली. ती कोयता चालवत राहिली.

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “पेटीतलं मला काय कळतंय? पर तुमचं तोंड दिसत हुतं.”

“मग तेव्हाच का बोलली नाहीस?”

“आरपनाच्या टायमाला भांडू व्हय?” तिने कोयता ठेवला. डोळे लाल होते. “लई राग आला मला. घरी येऊन रडले. देवाला तुमचं नाव घेऊन सांगितलं समदं.”

“मला क्षमा कर, सगुणा.”

“आज न्हाई व्हायचं, बाई. आज खोटं निघंल त्ये.” ती खरंच विचार करून बोलत होती. मग म्हणाली, “माजं एक काम करा. मला अक्षरं शिकवा. म्हंजी पुढल्या टायमाला तुमच्या तोंडाकडं बघावं लागनार न्हाई.”

कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत मी तिला शिकवलं. त्याच ओसरीवर, पहिलीच्या पुस्तकावरून. पहिले काही आठवडे ती माझ्याशी अक्षरांपलीकडे एक शब्द बोलत नसे. पाय मोडून, पेन्सिल कोयत्यासारखी धरून बसायची आणि तासाभराने उठून जायची. मार्चच्या सुमारास एका दुपारी तिने आप्पांचं गाणं वहीतून स्वतः वाचलं, थांबत थांबत, चारही कडवी. वाचून झाल्यावर वही मिटली आणि म्हणाली, “झालं माजं. तुमचं बी.” मला समजायला थोडा वेळ लागला की ही क्षमा होती.

आप्पांनी त्यानंतरच्या एका रविवारी उपासना झाल्यावर पेटीपाशी येऊन मला म्हटलं, “आज चांगली वाजवलीस.” बाजारातून आणायला सांगितलेली वस्तू आणून ठेवावी तसे ठेवून गेले ते शब्द. बिचाऱ्यांना सवय नव्हती. मला हसू आलं, आणि घरी येऊन मी ते विलासला तीन वेळा सांगितलं. दोन वर्षांनी आप्पा गेले. दफनविधीला सगुणाने त्यांचं गाणं म्हटलं. मी पांढरी चार धरली, ती मोकळी गायली, आणि मातीआड जाणाऱ्या बापासाठी रडत असतानाही माझ्या मनात येऊन गेलं, हिला यांची मुलगी व्हायला काहीच कष्ट पडले नाहीत.

हे असं आहे. आप्पांना जाऊन चौदा वर्षं झाली. चर्चमध्ये कोणी साक्ष द्यायला उभं राहतं आणि म्हणतं, देवाने माझ्या मनातलं सगळं काढून टाकलं. मी ऐकते. माझ्या मनातलं त्याने अजून काढलेलं नाही. सगुणा आता उपासनेत बायबलमधला पाठ वाचते, चष्मा लावून, न अडता. ती वाचायला उठली की माझं टोचतं. पोरं मोठी झाली, दोन म्हशींच्या पाच झाल्या, तरी तिची प्रार्थना तशीच आहे, आधी भांडण मग उपकार. मी अजून ‘हे दयाळू पित्या’नेच सुरू करते. पेटी वाजवते, चांगली वाजवते. स्तुतीच्या गाण्यांना सूर देणारी बाई म्हणून पंचक्रोशीत मला ओळखतात. स्वतः स्तुती केलीय का, असं विचारलं तर मी गप्प बसेन.

गेल्या गुरुवारी बायकांची प्रार्थना माझ्याच घरी होती. सण आठ दिवसांवर आलेला. खिडकीतून मळीचा वास येत होता. माझी पाळी आली. मी डोळे मिटले, ‘हे दयाळू पित्या’ म्हटलं, आणि पुढचं आठवेना. बावन्न वर्षांत पहिल्यांदा. बायका थांबल्या. कोणाची तरी बांगडी वाजली.

“देवा,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच परका वाटला. “मला सगुणाचा मत्सर वाटतो. अजून वाटतो. आणि लहानपणापासून मला तुझाही वाटतो. माझ्या बापाने सगळं तुला दिलं, मला काही ठेवलं नाही.”

आता उठून चहाला लागावं म्हणून मी हात जमिनीला टेकला.

“आमेन!” सगुणा शेजारून मोठ्याने म्हणाली.

आधी एक हसली, मग सगळ्या हसल्या. मी डोळे उघडले. सगुणाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता, पण ती हसत नव्हती.

“उठताय काय?” ती म्हणाली. “भांडन झालं. उपकार ऱ्हायलं की.”

मी पुन्हा डोळे मिटले. पहिला उपकार आठवायला बराच वेळ गेला. मग एक आठवला, अगदीच साधा, तो सांगितला. मग दुसरा. तिसऱ्याला मला थांबता येईना. बाहेर कोणाची तरी म्हैस धारेसाठी ओरडत होती, ओट्यावर चहाचं आधण ठेवलेलं आटून चाललं होतं, आणि सतरंजीवरची एकही बाई उठली नाही.